रंगाखालचे ढेकूण

सिन्नरहून सिडकोतल्या भाड्याच्या घरात आलो आणि आठव्याच दिवशी मुलीच्या दंडांवर लाल गांधी उठल्या. मी मोजल्या, सतरा. तिचं दहावीचं वर्ष. रोज अभ्यासाला येणाऱ्या मैत्रिणीने त्या पाहिल्या आणि ती यायची बंद झाली.

घरात मालकाचा सागवानी पलंग होता, भिंतीला ठोकलेला. त्याच्या सांध्यांतून मी ढेकूण काढले, चिकटपट्टीने वहीत लावले, शेजारी तारीख आणि जागा लिहिली. पलंगात एकोणचाळीस. आमच्या गाद्यांत तीन.

मालक खालीच राहत. वही पुढे केली, तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"साहेब, ढेकूण घराला नसतात, माणसाला असतात. तुमच्या टेम्पोतून उतरलेत ते."

"काका, मग तुमच्या पलंगात एवढे कसे?"

"आवडला असेल! सिन्नरला कुठे बघितलंय त्यांनी सागवान?" आतून त्यांची बायको हसली. "गाद्या उन्हात टाका. औषध मारायचं तर तुम्हीच मारा."

जागा राहण्याजोगी देणं हे भाडं घेणाऱ्याचं काम. इथे उलट आम्हीच घाणेरडे ठरत होतो.

पलंगामागची फट बघायला मी भिंतीचा पापुद्रा खरवडला. खाली काळे डाग, आणि चपटे झालेले चार ढेकूण, क्रीम रंगात थिजलेले. रंगाऱ्याने त्यांच्यावरूनच ब्रश फिरवला होता.

करारात एक वाक्य मालकांनी स्वतः सांगून घातलं होतं, पुढे अनामतीतून खिळ्याच्या भोकाचे पैसे कापता यावेत म्हणून: 'ताबा देण्यापूर्वी संपूर्ण जागेस नवीन रंग दिला आहे.' मी त्यांना वर बोलावलं.

"काका, रंग कधी दिला?"

"करारात आहे की. तुम्ही यायच्या आधी."

"मग हे आमचे ढेकूण तुमच्या रंगाखाली कसे शिरले?"

आता त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाकून पाहिलं.

"भिंत खरवडलीत तुम्ही. नुकसान आहे हे."

"लिहून द्या. कुठे खरवडली आणि खाली काय निघालं, दोन्ही."

त्यांनी लिहिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच बोलावलेले फवारणीवाले आले, पंधरवड्याने पुन्हा आले. पलंग सुतार लावून काढून नेला. शेजाऱ्यांना मात्र त्यांनी सांगितलं, भाडेकरूंनी घाण आणली, मी माणुसकीने निस्तरली.

ढेकूण गेले. मैत्रीण पुन्हा आली नाही. तेवढ्यासाठी मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि वहीही फेकलेली नाही.