जुन्या पेंटियममध्ये रॅम बसवताना

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी आज मी जुन्या पेंटियम कॉम्प्युटरचं पत्र्याचं झाकण काढलं आणि आतून धुळीचा, वायरींचा कोंदट वास आला. त्या वासासरशी उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. माझ्या यजमानांनी, सुधीरनी, या कॉम्प्युटरसाठी जास्तीची रॅम आणली होती आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारली होती.

“जरा टॉर्च धर ना. आत काही दिखतच नाही.”

“अहो, कुकर लावलाय मी.”

“दोन मिनिटं बस ना, भिया!”

इंदुरात जो तो दुसऱ्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो; पण बायकोला भिया म्हणणारे तिथेही हे एकटेच असतील. मी हसत त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. खिडकीतून गरम हवा येत होती, त्यांच्या नाकावरून चष्मा घसरत होता. माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्यांकडे. शेवटी रॅम खट्कन बसली, कॉम्प्युटर सुरू करताच स्क्रीनवर मेमरीचे आकडे चढू लागले आणि हे लहान मुलासारखे ओरडले, “हो गया!”

आता सुधीर नाहीत. आज त्याहून मोठी रॅम मी एकटीनंच बसवली. कॉम्प्युटर सुरूही झाला, पण ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

मग मी पसारा आवरायला घेतला. टॉर्च मी पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. उजेड शेवटपर्यंत नेमका जागेवर पडला, जराही हलला नाही. डबे तर तेव्हाही घरात होतेच. सुधीरना टॉर्च धरायला कोणी नको होतं. त्यांना मी शेजारी हवी होते.