वहिनीच्या नाटकांच्या सीडी

दादाने सीडी खिडकीतल्या उजेडात धरली, तर तिच्यातून उन्हाचे बारीक ठिपके आरपार आले.

वहिनी आमच्या गावच्या हौशी नाटकमंडळीत काम करायची. तिच्या सगळ्या नाटकांच्या सीडी दादाने मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. ती गेल्यावर त्या लावून बघायचा धीर त्याला इतकी वर्षं झाला नाही. परवा झाला, तर एकही चालेना. दुकानात नेल्या, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, आतला चंदेरी थरच गेलाय. यातून आता काही निघायचं नाही."

न वापरलेली वस्तूही संपत जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही. आपण जपतो म्हणजे तरी काय करतो? कपाटाचं दार लावून घेतो, एवढंच. आत जे व्हायचं ते होतच राहतं.

दादाने सीडी पुन्हा कापडात गुंडाळली.

"तुला आठवतो का गं तिचा आवाज?"

"आठवतो ना," मी म्हणाले.

मी पुढे काही सांगेन म्हणून तो थांबून राहिला. मी डोळे मिटले. वहिनी रंगमंचावर उभी होती, तिचे ओठ हलत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.