पांढरी पट्टी

आमच्या विभागप्रमुखांना माझ्याकडून काम हवं असलं की मी 'मॅडम' असते, त्यांची चूक दाखवली की 'अक्का'. त्या आठवड्यात मी बराच वेळ अक्का होते.

माझी एक पीएचडीची विद्यार्थिनी दुबलगुंडी गावची. कडक उन्हात ठेवलेल्या तुरीच्या रोपांत एक प्रोटीन वाढतं, हे तिला सिद्ध करायचं होतं. पद्धत सरळ आहे. प्रोटीन मेंब्रेनवर, म्हणजे कागदासारख्या पातळ पडद्यावर, उतरवायचं, तेवढ्याच प्रोटीनला धरणारी, एंझाइम जोडलेली अँटिबॉडी त्याला चिकटवायची, वरून द्रावण ओतायचं. प्रोटीन असेल तिथं एंझाइम ते द्रावण वापरतं आणि उजेड पडतो. अंधाऱ्या पेटीतला कॅमेरा तो टिपतो आणि फोटोत काळी पट्टी दिसते. तिच्या फोटोत सावलीतल्या रोपांची पट्टी काळी होती. उन्हातल्या रोपांची मात्र मधे कोरी पांढरी, कडेला नुसती काळी रेघ.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इथं प्रोटीनच न्हाई की. विषय बदल. सोमवारी समितीला काय दाखवायलीस?"

विषय बदलायचा म्हणजे पहिल्यापासून नोंदणी. तेवढं तिच्या घरचे थांबणार नव्हते.

मी मेंब्रेन उचलून दाखवलं. फोटोत पांढरं होतं त्याच जागी तपकिरी डाग होता. तिथं एंझाइम इतकं जमलं होतं, की कॅमेऱ्याने टिपायच्या आत द्रावण संपून उजेड विझलासुद्धा.

"सर, प्रोटीन जास्त आहे म्हणून पांढरं आलंय. अँटिबॉडी पातळ करून पुन्हा करू."

"कमी टाकल्यावर जास्त दिसंल व्हय, अक्का? सैपाक न्हाई हे."

स्वयंपाक येत असता तर त्यांना कळलं असतं. हा प्रयोग तर त्यांनी कधी केलेलाच नाही. हातमोज्यांचं माप विचारलं तर बुटाचं सांगतील.

आम्ही अँटिबॉडी दहापट पातळ केली. उन्हातली पट्टी भरीव काळी आली, सावलीतली तिच्यापुढं फिकी.

सोमवारी समितीने विषय कायम ठेवला. प्रमुख खुर्चीत रेलून म्हणाले, "मीच म्हनलं तिला, जरा पातळ करून बघ."

बाहेर आल्यावर पोरगी चिडली. "मॅडम, तुम्ही गप कामून बसलात?"

"विषय राहिला ना तुझा? मग श्रेय राहू दे त्यांच्याकडं. दुसरं हाय काय त्यांच्याकडं?"

तेवढ्यात प्रमुख मागून आले. "मॅडम, तो फोटो मला पाठवा की. माझ्या पेपरात घालायलोय."

पाठवला. पांढऱ्या पट्टीचा.