जाणाऱ्याचे घारगे

आमच्या घरात घारगे सणाला होत नसत, कोणी गावाला निघालं की होत. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढं तांदळाचं पीठ, थोडी कणीक आणि जायफळ घालायचं, केळीच्या पानावर थापून तेलात सोडायचे. चार दिवस टिकतात, म्हणून प्रवासाचं खाणं. एरवी मागितले तर आई म्हणायची, उगाच कशाला, कोण चाललंय? त्यामुळे न्याहारीला घारगे मिळायचा आमच्याकडे एकच मार्ग होता, तो म्हणजे बाबा.

बाबा बोटीवर इंजिनखात्यात होते. नऊ-दहा महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने मांडवीच्या घरी. जायच्या दिवशी आई उजाडायच्या आत कढई ठेवायची. पहिला घाणा माझा, वर लोण्याचा गोळा. मी खादाड होते, अजूनही आहे. त्याची लाज मला मागताना वाटायची, खाताना कधीच नाही.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. मी आठ वर्षांची होते. बाबा ज्येष्ठात आले आणि आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की यंदा गणपती करूनच जाणार. मागच्या पाच वर्षांत त्यांना घरचा गणपती मिळाला नव्हता. येऊन पंधरा दिवस झाले असतील. जेवताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही कधी जाणार?"

त्यांचा हात ताटातच राहिला. मग हसून म्हणाले, "काय गो, कंटाळलीस काय मला?"

घारग्यांसाठी विचारलं म्हटलं असतं तर आईने सगळ्या आळीत मला हावरट करून टाकलं असतं. मी मान खाली घालून म्हटलं, असंच. जिभेला हाड नसतं म्हणतात. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तेच विचारलं.

श्रावण लागला आणि एक दिवस बाबा म्हणाले, कंपनीची तार आली आहे, लवकर बोलावलंय. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर मला आधी भोपळा दिसला. आईने तो माळ्यावरून खाली काढून ठेवला होता. निघायच्या दिवशी सकाळी मी पाच घारगे खाल्ले.

आईला मला घेऊन चिपळूणला मामाकडे जायचं होतं, म्हणून आम्हीही बाबांच्याच एसटीत बसलो. ते पुढे मुंबईला जाणार होते. चिपळूण स्टँडवर गाडी चहाला थांबली तेव्हा बाबांनी बाकावर डबा उघडला. गार घारगा गरमापेक्षा गोड लागतो, गूळ मुरलेला असतो. मी चहात बुडवून आणखी दोन खाल्ले. बाबांनी एकच घेतला आणि माझ्याकडे बघत तो इतका हळू खाल्ला की कंडक्टर हाका मारायला लागला तरी अर्धा उरला होता. तो माझ्या हातात देऊन ते गाडीत चढले. मी तोंड भरलेलं असतानाच हात हलवला. त्या वर्षी आमच्या गणपतीची पूजा काकांनी केली.

नऊ वर्षांनी मी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाले. बाबांनी तोवर बोट सोडली होती. सकाळी आई माझ्यासाठी घारगे तळत होती आणि बाबा समोर चहा घेत बसले होते. मला वाटलं, आता जुनी गंमत सांगायला हरकत नाही. हातातला घारगा दाखवून मी म्हटलं, "बाबा, लहानपणी मी सारखी कधी जाणार विचारायची ना, ते ह्याच्यासाठी."

बाबा हसले नाहीत.

"त्या वर्षी तार आली नव्हती गो," ते म्हणाले. "मीच कंपनीला पत्र टाकलेलं, लवकर बोटीवर घ्या म्हणून. म्हटलं, पोरीला आपली सवय नाय. घरात अवघडते."

हे आईलाही ठाऊक नव्हतं. तिचा झारा तसाच हातात राहिला आणि अख्खा घाणा करपला. खाण्याचा जिन्नस करपला आणि आई कोणाला काही बोलली नाही, असं मी तेवढ्या एकदाच पाहिलं. मला रडू फुटलं. बाबा म्हणाले, खा, एसटी चुकेल.

आता बाबा नाहीत. घारगे मी मनात येईल तेव्हा करते, कोणी कुठेही जाणार नसताना, आणि पोटभर खाते. बोट सोडल्यावर बाबांनी गणपतीची पूजा पुष्कळ वर्षं केली, सुट्टी मिळाली तेव्हा मीही शेजारी बसून ती पाहिली. पण भाद्रपद जवळ आला की मला त्यांच्या हातची त्या वर्षीची पूजा हवी असते. ते गणपतीपर्यंत थांबणार होते, आणि मला ते घरी किती हवे होते हे मी त्यांना कळूच दिलं नाही.