अप्पांच्या बंदुकीला दुर्बीण

आमच्या घरात रायफल होती म्हटलं की लोक माझ्याकडे जरा बिचकून बघतात. त्यांनी अप्पांना बघितलं असतं तर बिचकले नसते. अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरला त्यांचं भुसारचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि ज्वारीला किडे लागले तर ती उन्हात पसरून "जाऊ द्या बिचाऱ्यांना आपल्या पायानं" म्हणणारा हा माणूस. रायफल आजोबांची होती. वारसाहक्कानं लायसन्स अप्पांच्या नावावर झालं, म्हणून ती आमच्याकडे राहिली. खंडेनवमीला तिला झेंडूची दोन फुलं वाहायची आणि पुन्हा कपाटात, अव्वाच्या, म्हणजे आईच्या, शालूंच्या मागं उभी करायची, एवढाच तिचा उपयोग.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या मागोमाग पडलेल्या दुष्काळातली ही गोष्ट. जिल्हा झाला तेव्हा आमच्या बाजारात पेढे वाटले, फटाके वाजले. पाऊस मात्र बहुतेक जुन्याच पत्त्यावर जात होता, आणि तिथंही पोचत नव्हता. देवणीच्या बाजूला आमचं गाव, तिथं जुनं घर आणि शेत होतं. आसपासच्या सगळ्या विहिरी आटल्या, आमचीच तेवढी तग धरून होती. त्या पाण्यावर अप्पांनी जनावरांसाठी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरलं. सगळ्या माळरानावर हिरवा म्हणून तो एकच तुकडा. रानडुकरांना तो दिसला नसता तरच नवल.

अप्पांनी कपाटातली रायफल काढली, शेतात राखणीसाठी बांधलेल्या माळ्यावर बसले आणि आभाळाकडे तोंड करून एक बार काढला. डुकरं पळाली. दुसऱ्या खेपेला थोडी लांब जाऊन थांबली. पुढं पुढं तर ती बार झाला की मान वर करून बघायची आणि परत खाली घालायची. अव्वा म्हणाली, "जेवणाची घंटा समजून राहिलीत ती."

अप्पांनी शेताशेजारच्या मठातल्या स्वामींना विचारलं. गावच्या मठाचे हे स्वामी म्हणजे गोल गरगरीत, हसतमुख माणूस. त्यांनी अंगारा मंतरून दिला आणि शेताच्या चारी कोपऱ्यांना टाकायला सांगितला. अप्पांनी टाकला. त्यानंतर कडवळ आणखीच कमी होऊ लागलं.

मग मामांनी हे प्रकरण हातात घेतलं. मामा म्हणजे अव्वाचे धाकटे भाऊ, लोह्याला त्यांचं बियाण्याचं दुकान. कॉलेजात असताना ते एनसीसीत होते, आणि तेवढ्या शिदोरीवर त्यांनी जन्मभर फौजी असल्यासारखं भागवलं. ते म्हणाले, "दाजी, तुमची बंदूक चांगली हाय, पण आंधळी हाय. तिला दुर्बीण बसवा."

मी तेव्हा नांदेडला बीएस्सी करत होते. सुट्टी लागली होती. अप्पा मला न्यायला आले ते रायफल घोंगडीत गुंडाळून, मामांना सोबत घेऊनच. मला म्हणाले, "तुझं ते भिंगाचं शिक्षण हाय ना, ते जरा कामाला लाव."

नांदेडच्या त्या बंदुकीच्या दुकानात एक वयस्कर मियाँसाहेब बसलेले. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा. त्यांनी आधी लायसन्स बघितलं. जुन्या जिल्ह्याच्या नावावर काट मारून वर नव्या जिल्ह्याचा शिक्का होता, आणि तो इतका ताजा होता की त्यांच्या अंगठ्याला शाई लागली. अंगठा पुसत त्यांनी विचारलं, "फर्माइए, मारना क्या है?"

अप्पा म्हणाले, "मारायचं काही न्हाई."

मियाँसाहेबांनी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तो दुर्बीण कायको?"

"डुकराच्या शेजारी नेमकी गोळी लागली पाहिजे," अप्पा म्हणाले. "म्हणजे माती उडंल, ते भिऊन पळंल, आणि त्याला लागणार न्हाई."

मियाँसाहेबांनी लायसन्स पुन्हा एकदा उलटून बघितलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात न मारण्यासाठी नेम मागणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. "कितनी दूर से?"

"हाकेच्या अंतरावरनं."

"किसकी हाक? आपकी या भाभीसाब की?"

"माझी," अप्पा म्हणाले. अव्वाची हाक धरली असती तर तोफच घ्यावी लागली असती.

मियाँसाहेबांनी काचेखालून दोन दुर्बिणी काढून गादीवर ठेवल्या. एक आखूड, साधी, चौपट मोठं दाखवणारी. दुसरी लांबलचक, बारा पट मोठं दाखवणारी, बाजूला दोन-तीन चक्र्या असलेली. मामांनी लगेच मोठी उचलली, दारात जाऊन डोळ्याला लावली आणि ओरडले, "बापरे! समोरच्या हॉटेलातल्या माणसाच्या कपातली माशी दिसून राहिली!"

"आता तोच माणूस उठून चालायला लागला की त्याला शोधा," मी म्हणाले.

मामांनी शोधला. भिंत सापडली, सायकलचं चाक सापडलं, एक म्हैस सापडली. माणूस सापडला नाही. मी समजावून सांगायला लागले, की जितकं मोठं दिसतं तितका दिसणारा तुकडा लहान होतो. डुक्कर काही फोटोला बसल्यासारखं बसणार नाही. शिवाय डुकरं येतात तिन्हीसांजेला. पुढच्या भिंगाच्या रुंदीला पटीनं भागलं की डोळ्यात उजेडाची केवढी चकती येते ते कळतं. बारा पटीला ती बारीक राहते, चौपटीला चांगली मोठी होते, म्हणून अंधुक उजेडात लहान दुर्बीणच जास्त दाखवते. मियाँसाहेब "बेटी सही बोल री" म्हणत मान हलवत होते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. डोळा आणि दुर्बीण यांच्यात चार बोटं जागा पाहिजे. बार झाला की बंदूक मागं येते. मोठ्या दुर्बिणीत डोळा फार जवळ न्यावा लागतो, आणि मग ती कुणाची भीड धरत नाही.

मामा ठाम होते. "दाजी, आपला जिल्हा नवा झाला. आता काय लहान दुर्बीण लावता?"

जिल्ह्याचा आणि दुर्बिणीचा संबंध काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण अप्पांना तो पटला. मोठी दुर्बीण मिस्त्रीनं रायफलीवर बसवली आणि आम्ही तिघं एसटीनं गावी आलो.

दुर्बीण बसवली म्हणजे झालं नाही. नळी जिथं बघते तिथंच दुर्बीणही बघते की नाही, ते जुळवावं लागतं. आमचा गावतलाव कोरडा ठक्क पडला होता. त्याच्या मातीच्या बांधाला डालड्याचा डबा टेकवला, त्यावर चुन्याचा ठिपका दिला. वाळूनं भरलेल्या पोत्यांवर रायफल ठेवली आणि अप्पा पालथे पडले. मामांनी हुकूम दिला, "दाजी, श्वास रोखा. डोळा आणखी जवळ. आणखी जवळ!"

बार झाला. डबा जागच्या जागी होता. अप्पा मात्र कपाळ धरून बसले होते. हात काढला तर उजव्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेनं नेमका अर्धगोल कापला होता, आणि त्यातून रक्त वाहत होतं. वर विभूतीचे तीन पट्टे, खाली लालबुंद चंद्रकोर.

मामा हात जोडून म्हणाले, "साक्षात शंकर दिसून राहिलेत."

"तिसरा डोळा उघडायच्या आत लोह्याची गाडी धरा," अप्पा म्हणाले. मामांनी धरली.

खरी गंमत उदगीरला झाली. अप्पांची भुवई सुजून काळीनिळी पडली. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं मालक?" अप्पा खरं सांगायचे, की दुर्बीण लागली. ते कुणालाच खरं वाटेना. जखम अर्धगोल, तव्याच्या काठासारखी. दोन दिवसांत बाजारभर झालं की भुसारवाल्या अप्पांना मालकिणीनं तवा फेकून मारला. अव्वाला हे भाजीवालीकडून कळलं. तिनं इन्कार करायला हवा होता. ती नुसती हसली आणि म्हणाली, "घरातल्या गोष्टी बाहेर कशाला?" त्या आठवड्यात भाजीवालीनं तिला न मागता कोथिंबीर दिली, आणि शेजारचा कापडवाला तिला बघून उठून उभा राहिला.

अप्पा मला घेऊन परत नांदेडला गेले. मियाँसाहेबांनी भुवईकडे बघितलं आणि काही न विचारता चौपटीची आखूड दुर्बीण काढून ठेवली. ती बसवून घेतली. या खेपेला तलावात आम्ही दोघंच होतो. मी अप्पांच्या डोळ्यासमोर चार बोटं धरून अंतर ठरवलं. पहिली गोळी डब्याच्या डावीकडे खाली गेली. बाजूची चक्री थोडी फिरवली, वरची थोडी. चक्री टकटक वाजायची आणि अप्पा प्रत्येक टकटकीला "शिव शिव" म्हणायचे. शेवटी ठिपक्याच्या जागी भोक पडलं. अप्पा डबा हातात घेऊन लहान मुलासारखे भोकातून आरपार बघत बसले.

आता डुकरांची वाट बघायची होती. मी कडवळातून फिरून आले होते. एका कोपऱ्यात ताटं मोडून, तुडवून पडलेली, ते डुकरांचं काम. पण मठाकडच्या बाजूला ताटं तिरकी, साफ कापलेली होती. मी मामांना आधी हे दाखवलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "डुकराचा सुळा विळ्यासारखाच असतो, पोरी." एनसीसीत हेही शिकवत असावेत.

तिन्हीसांजेला आम्ही माळ्यावर बसलो. सूर्य खाली गेला होता, उजेड अजून होता. मठाच्या बाजूला कडवळ हललं. अप्पांनी रायफल खांद्याला लावली आणि मी कानांवर हात ठेवले. बार काही झाला नाही. मी बघितलं तर अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता, विभूती आणि कातडी वेगळी दिसत नव्हती.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "खाली माणूस हाय."

त्यांनी रायफल खाली घेतली, काडतूस बाहेर काढलं. ते त्यांच्या हातातून सुटून फळ्यांच्या फटीतून खाली पडलं. मग मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं. भगवं धोतर वर खोचलेलं, काखेत कडवळाचा भारा, हातात विळा. मठातले स्वामी डुलत्या चालीनं बांध ओलांडून जात होते.

मला हसू फुटत होतं. अप्पांकडे बघून ते आत गेलं. स्वामी मठात शिरेपर्यंत ते तिकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "दुर्बिणीतली ती नेमाची फुली बरोबर त्यांच्या छातीवर होती. बोट घोड्यावर होतं. मी डुक्कर बघायला म्हणून बंदूक उचलली, आणि जिकडं बघितलं तिकडं बंदूक रोखली गेली. दुकानात हे कुणी सांगितलं न्हाई."

खरं होतं. पट, उजेड, डोळ्याचं अंतर, सगळं बोलून झालं होतं. रायफलीवरची दुर्बीण नुसतं बघायला वापरायची नाही, हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. गावातल्या घरी गेल्यावर अप्पा अर्धीच भाकर खाऊन उठले. अव्वानं माझ्याकडे बघितलं. मी त्यांचं ताट उचललं.

सकाळी अप्पा मठात गेले, मी मागोमाग. अंगणात मठाचा देवणी जातीचा वळू बांधलेला. एके काळी जत्रेत त्याला बघायला लोक जमायचे, आता त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. पुढ्यात आमचं कडवळ.

"शरणार्थ, स्वामी," अप्पा म्हणाले.

स्वामींनी अप्पांकडे बघितलं, कडवळाकडे बघितलं आणि पवित्रा घेतला. "अप्पा, शेत महादेवाचं, नंदी महादेवाचा. मधी आपण कोण?"

"ते बरोबर. पण काल बंदूक माझी होती, आणि तिच्यापुढं तुम्ही होता."

स्वामींच्या हातातली जपमाळ थांबली. ते ओट्यावर बसले. मग, मठाचा आवाज बाजूला ठेवून, साध्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "उपाशी हंबरतो हो तो. मला ऐकवत न्हाई. लोकांकडं मागावं तर ज्याच्या-त्याच्या गोठ्यात तीच गत. तुमच्याकडं मागायची लाज वाटली."

"आणि अंगारा द्यायची न्हाई वाटली?"

"अंगारा खरा होता," स्वामी म्हणाले. "तो डुकरांसाठी होता."

अप्पा हसले. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच. मग त्यांनी ठरवून टाकलं. नंदीसाठी रोज एक भारा न्यायचा, पण उजेड असेपर्यंत, सरळ वाटेनं, आणि माळ्यावर कुणी बसलं असेल तर लांबूनच शिवनाम घेत यायचं. त्या दिवसापासून स्वामींचा खणखणीत "ॐ नमः शिवाय" सगळ्या शिवारात ऐकू यायला लागला. त्या आवाजानं डुकरं कोणत्याही बारापेक्षा जास्त भ्यायली. अंगारा लागू पडला म्हणून स्वामींनी त्याचं श्रेय घेतलं ते घेतलंच.

अप्पांनी दुर्बीण रायफलीवरून उतरवून घेतली. रायफल कपाटात गेली, दुर्बीण माळ्यावर खिळ्याला टांगली. वळू त्या दुष्काळातून तरला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, फार नाही, पण विहिरीत पाणी चढलं. मी सुट्टीत आले तेव्हा एका संध्याकाळी अप्पा आणि स्वामी माळ्यावर शेंगा खात बसले होते. स्वामींनी दुर्बीण डोळ्याला लावून कडवळाकडे रोखली आणि बराच वेळ बघत राहिले.

"अप्पा," ते म्हणाले, "चारा लई जवळ दिसतो की हो ह्यातनं."

अप्पांनी शेंग फोडली. "दिसतो तेवढाच, स्वामी. भारा न्यायला चालतच जावं लागंल."

स्वामी दुर्बीण खिळ्याला अडकवून, धोतर सावरत शिडी उतरायला लागले.