श्मशानवाली मॅडम

लायब्ररीतलं पुस्तक चोरीला गेलं की आमच्या मॅडम खूश व्हायच्या. सगळ्याच पुस्तकांच्या बाबतीत नाही. गाइड किंवा कादंबरी गेली तर त्या चपराशापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाही सोडत नसत. पण खिडकीजवळच्या हिरव्या लोखंडी कपाटातलं एखादं पुस्तक जागेवर दिसलं नाही, की त्यांचा चेहरा उजळायचा. "कोणी तरी नेलं म्हणजे कोणी तरी वाचून राहिलं," असं म्हणत त्या रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं बारीकशी खूण करत. अशा खुणा त्यांच्या नोकरीत फार झाल्या नाहीत. त्यातली एक माझी.

त्या रायपूरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले. सुती साडी, कोपरापर्यंत ब्लाउज, नाकावर घसरणारा चष्मा. हिरव्या कपाटात त्यांनी एकाच विषयाची पुस्तकं जमवली होती: माणसांच्या एका गटानं दुसरा अख्खा गट मारून टाकला, त्याची. ज्यूंची, आर्मेनियन लोकांची, कंबोडियाची, पुढे रवांडाची. पोरं त्यांना 'श्मशानवाली मॅडम' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. "श्मशान बरं," त्या म्हणायच्या. "तिथं निदान कोणी तरी पोचवायले येते."

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. कार्डावरची पुस्तकं भरली होती म्हणून मी त्या कपाटातलं एक ओढणीखाली लपवून नेलं. चौथ्या दिवशी मॅडमनी मला सायकल स्टँडवर गाठलं.

"काहून वं पोट्टी, कुठपर्यंत आलं?"

"उद्या परत आणते, मॅडम."

"परत आण म्हणून नाही म्हणून राहिली मी. कुठपर्यंत वाचलं ते विचारून राहिली."

मी पान सांगितलं. त्यांनी मान हलवली. "त्याच्यापुढं जड आहे. रिकाम्या पोटी वाचू नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डब्यातली अर्धी पोळी दिली आणि जिल्द फाटलेला एक इंग्रजी शब्दकोश. त्यांचं स्वतःचं इंग्रजी त्या शब्दकोशावरच झालेलं होतं. समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत लिहीत त्यांनी ती जाडजूड पुस्तकं संपवली होती.

त्या कपाटापायी त्यांना मेमोही मिळाला होता. ग्रंथालयाच्या वर्गीकरणात या विषयाला तेव्हा स्वतःचा क्रमांकच नव्हता. एक पुस्तक महायुद्धात, दुसरं कायद्यात, तिसरं धर्मात, चौथं समाजशास्त्रात. मॅडमनी ती चार खोल्यांतून उचलून एकत्र आणली. तपासणी आली तेव्हा साहेबांनी 'पुस्तके क्रमांकानुसार नाहीत' असा शेरा मारला. प्राचार्यांनी खुलासा मागितला. मॅडमनी हिंदीत एका ओळीचं उत्तर लिहून दिलं: 'सर, बिखरे पड़े थे, एक जगह कर दिए.' त्यांची एक वेतनवाढ थांबली, पण पुस्तकं हिरव्या कपाटातच राहिली.

परदेशातल्या विद्यापीठांना त्या पत्रं लिहायच्या. तुमच्याकडची जुनी, नको असलेली पुस्तकं आमच्या कॉलेजाला पाठवा म्हणून. बहुतेक पत्रांना उत्तर येत नसे. एकदा मात्र एक जाड लिफाफा आला. त्यात या विषयाला वाहिलेल्या एका नव्या नियतकालिकाचा अंक होता. मॅडमनी सदर बाजारातून पेढे आणले. स्टाफरूममध्ये वाटले, कुणाला कारण कळलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आपल्या विषयाले घर मिळालं. आता हे थांबत नाही."

"काय, अभ्यास की कत्तली?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या. स्वतःच्या वाट्याचा पेढा त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला. खाल्ला नाही.

हे कपाट त्यांनी का जमवलं, ते मी एकदाच विचारलं होतं. "आधी वाच. मग विचारजो," त्या म्हणाल्या. मी वाचलं. पण पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, आवड असेल. काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, तसं.

पीएच.डी.साठी मला दिल्लीला प्रवेश मिळाला, तो मॅडममुळेच. अर्ज त्यांनी आणला, प्रस्ताव त्यांनी सहा वेळा लिहून घेतला. मी निघायच्या आदल्या आठवड्यात त्या आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आल्या. आईनं आधी मला स्वयंपाकघरात बोलावून आडनाव विचारलं. मी सांगितलं. बाहेर बाबांच्या ऑफिसातले दोघं बसले होते. त्यांना कपबशीत चहा गेला, मॅडमना स्टीलच्या पेल्यात. मॅडम चहा प्यायल्या, मागच्या मोरीवर जाऊन पेला स्वतः विसळला आणि पालथा घालून ठेवला. "चाय मस्त झाला, वहिनी," असं आईला म्हणाल्या. मी दारात उभी होते. पुढे माझ्या प्रबंधात एक प्रकरण आलं: कत्तलीच्या कितीतरी आधी शेजारी शेजाऱ्याला हळूहळू कसा वेगळा काढतो, यावर. परीक्षकांनी त्या प्रकरणाची फार तारीफ केली. त्यात युरोपातली उदाहरणं आहेत.

दिल्लीत मी पोचले तेव्हा आमच्या विषयाला विचारणारं कोणी नव्हतं, पण बघता बघता त्याचं झाड झालं. परिषदा निघाल्या, केंद्रं निघाली, अध्यासनं निघाली. जगात कुठे नवी कत्तल झाली की वर्षा-दोन वर्षांत तिचा अभ्यासक्रम यायचा. व्याख्येवरून आमच्यात मारामाऱ्या चालत. किती मेले म्हणजे वंशसंहार? मारणाऱ्याचा हेतू कसा सिद्ध करायचा? 'अंशतः नाश' म्हणजे नेमका किती अंश? या व्याख्येच्या वादावर माझं नाव झालं. माझं पुस्तक आलं. त्यातल्या ऋणनिर्देशात चार देशांतले प्राध्यापक आहेत, शिष्यवृत्ती देणारी संस्था आहे, घरमालकीणसुद्धा आहे. मॅडम राहून गेल्या. राहून गेल्या असं मी म्हणते. खरं सांगायचं तर तिथं छोट्या शहरातल्या ग्रंथपालाचं नाव कसं दिसेल, असा विचार माझ्या मनात आला होता. मी त्यांना प्रत पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं: 'पुस्तक मिळाले. दोनदा वाचले. छपाई चांगली आहे.'

त्या निवृत्त झाल्यावर कॉलेजची लायब्ररी संगणकावर गेली. हिरवं कपाट रिकामं केलं. ज्या पुस्तकांना क्रमांक होते ती पुन्हा चार खोल्यांत गेली, आणि जी फाटली होती, ज्यांच्या समासात पेन्सिलीचं मराठी होतं, ती 'खराब' म्हणून रद्दीत निघाली. मला ते मॅडमनी फोनवर सांगितलं. आवाजात काही नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, मी प्राचार्यांना पत्र लिहिते." ते पत्र मी लिहिलं नाही. त्या सत्रात मला तीन देशांत जायचं होतं.

मग रायपूरला तेलीबांध्याच्या तलावाजवळच्या एका हॉटेलात आंतरराष्ट्रीय चर्चासत्र झालं. विषय आमचाच. बीजभाषण माझं. दारात मोठा फलक, प्रत्येकाला पिशवी, पिशवीत पेन. मॅडमना निमंत्रण नव्हतं. पेपरात वाचून त्या ई-रिक्षानं आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. मी त्यांना व्यासपीठावरून पाहिलं आणि हात हलवला. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा त्यांनी हात वर केला. माइक हातात आल्यावर आधी हिंदीत सुरुवात केली, मग माझ्याकडे बघून मराठीत बोलू लागल्या.

"माझ्या आईच्या गावात भर दुपारी आमचा मोहल्ला जाळला. बाकीच्या गावानं मिळून. तीन माणसं मेली. जे उरले ते गाव सोडून गेले, आज तिथं आमचं एकही घर नाही. कोर्टात लिहिलं, शेताच्या धुऱ्याबांधावरून भांडण झालं. मी त्या वेळेस आईच्या पोटात होती. तुमच्या विषयात याले काय म्हणते? मी लई पुस्तकं पाहिली. मले सापडलं नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी कळलं, ते कपाट कशासाठी होतं. आणि ते कळूनही मी उत्तर दिलं. मी म्हटलं, की घटना अत्यंत दुःखद आहे. मात्र काटेकोरपणे पाहिलं तर हेतू, व्याप्ती आणि गटाच्या नाशाचा अंश या तिन्ही निकषांवर ती वंशसंहाराच्या व्याख्येत बसणार नाही. तिला स्थानिक स्वरूपाचा सामूहिक हिंसाचार म्हणता येईल. मी पूर्वीही असं कितीदा म्हटलं होतं. वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं, सुबक.

"हव," मॅडम म्हणाल्या. "तीनच होते." आणि माइक शेजारच्याकडे देऊन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या भावाच्या कुटुंबासोबत राहत. त्यांनी पोहे केले, वर भरपूर कोथिंबीर घातली, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मीच विषय काढला.

"मॅडम, काल मी तसं बोलायला नको होतं."

"काहून? चूक सांगितलं काय तू?"

"नाही. पण..."

"मग झालं. तू चूक सांगितलं असतं त मी तुले सुधारलं असतं. तू बरोबर सांगितलं, म्हणून मले झोप नाही आली." मग त्यांनी माझ्या ताटात आणखी पोहे वाढले. "खा. दिल्लीत असे भेटत नसन."

दोन वर्षांनी आमच्या विषयाचं वारं फिरलं. मोठमोठ्या कत्तलींवर लिहून झालं होतं. आता खेड्यापाड्यांतल्या, विसरल्या गेलेल्या, लहान घटना शोधा, असं सगळे म्हणू लागले. मला त्यासाठी एक मोठा प्रकल्प मिळाला. पहिलं नाव मला मॅडमचंच आठवलं. मी फोन केला. म्हटलं, "तुमच्या आईच्या गावाची हकीकत मला रेकॉर्ड करायची आहे. तुमच्या परवानगीनं. यावेळी पुस्तकात तुमचं नाव पहिलं असेल."

मागे कुकरची शिटी ऐकू येत होती.

"पोट्टी, त्या दिवशी तीन कमी पडले होते. आता पुरले काय?"

"मॅडम, आता विषयाची दृष्टी बदलली आहे."

"ती बदलत राहीन. माझे तीन तेवढेच हायेत." मग आवाज मऊ झाला. "तू लिही, बाई. लई लिही. पण मले तुझं प्रकरण नको बनवू." फोन ठेवायच्या आधी त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. मी रायपूरला गेले तेव्हा घरात त्यांचा भाचा होता. स्टील प्लांटमध्ये नोकरीला आहे. मराठी समजतं त्याला, पण बोलतो हिंदीच. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, वडिलांच्या मनात आहे की बुआच्या नावानं विहारात एक पाटी लावावी, आणि त्याच पाटीवर गावात मेलेल्या त्या तिघांचीही नावं असावीत. एक आजीची बहीण होती, एवढंच त्याच्या वडिलांना माहीत. बाकीचे कोण, कुणालाच ठाऊक नाही. कोर्टाचा कागद घरात नाही.

"आप तो इसी पर काम करती हैं न, दीदी," तो म्हणाला. "बुआ ने आपको नाम बताए होंगे."

मी नाही म्हणाले. मी त्यांच्याकडे परवानगी मागितली होती, वेळ मागितली होती, रेकॉर्डिंग मागितलं होतं. नावं मी विचारलीच नव्हती.