विसाला एक कोकरू

अनुसयाबाईला शिवहारचा हेवा वाटायचा आणि तो लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. सकाळी त्याच्या हळदीच्या कारखान्याचा भोंगा झाला की ती हातातली भाकरी तव्यावर आपटायची. "वाजला मेल्याचा," म्हणायची. नवरा मसाजी खाली मान घालून जेवत राही.

आता हेव्याला कारणही तसंच होतं म्हणा. हट्ट्याजवळच्या या गावात शिवहार एकेकाळी तिच्याच बापाची मेंढरं राखायचा. तिच्या हातची शिळी भाकर खाऊन, तिच्या बापाचं घोंगडं पांघरून वाढलेला गडी. पुढं वसमतला हळदीच्या अडत्याकडं राहिला आणि बघता बघता कंपनीचा मालक झाला. गावाच्या शिवारात त्याचा कारखाना, चार गोदामं, शिवाय बटन दाबलं की काच खाली होणारी गाडी. अनुसयाबाई मेंढरामागं जाता-येता ती गोदामं मोजायची. चारच्या चार रोज जागेवर असायची आणि रोज तिच्या पोटात दुखायचं. तिच्याकडं काय होतं? मेंढरं. तीही बापानंच दिलेली.

एका बाबतीत मात्र ती त्याच्या वरचढ होती. खंडोबाच्या यात्रेला गावाचा जुना नेम आहे. वीस मेंढरांमागं एक कोकरू देवाला द्यायचं. चाळीस असतील तर दोन. यात्रेआधी पाराजवळच्या बोळातून एकेक मेंढरू सोडायचं आणि चाँद पाशानं प्रत्येकामागं एक चिंचोका मडक्यात टाकायचा. चाँद पाशाचं कापडाचं दुकान, घरात साधी शेळीसुद्धा नाही. म्हणून तर मोजणीचा मान आजोबापासून त्यांच्या घरात. ज्याचा वाटा मोठा, पहिला नारळ त्याचा. अनुसयाबाईची साठ भरायची, ती तीन कोकरं द्यायची आणि सतरा वर्षं नारळ तिच्याच हातानं फुटला. शिवहारकडं मेंढरूच नाही तर वाटा कुठला? त्यानं मंडप घातले, साड्या वाटल्या, स्वतःच्या फोटोचे बॅनर लावले. नारळाच्या वेळी गडी मागंच उभा. तेवढं बघून अनुसयाबाईचं काळीज वर्षभर थंड राहायचं.

यंदा पाण्यानं घात केला. गावाबाहेर जनावरांना पाणी पाजायचा हाळ आहे, त्याची मोटार जळाली. पंचायत म्हणाली, पैसे नाहीत. मेंढरं दूर ओढ्यावर न्यावी लागायची, उन्हात दोन गाभण मेंढ्या वाटेतच बसल्या त्या उठल्याच नाहीत. आणि अशात ग्रामसभेची नोटीस लागली. शिवहारच्या कंपनीला पंचायतीचा कर दहा वर्षं माफ करायचा म्हणे.

मसाजी मोबाइलवर काहीतरी ऐकत होता. अब्जाधीशांवर जास्तीचा कर बसवावा का नाही, यावर कोट घातलेली माणसं भांडत होती.

"अब्ज म्हंजे किती मेंढरं व्हतील हो?" अनुसयाबाईनं विचारलं.

"मोजायला चाँद पाशाला चिंचोके पुरणार न्हाईत."

"मंग देव त्यायच्याकडून कोकरं काहून घेत न्हाई?" ती म्हणाली, आणि तिला रात्रभर झोप आली नाही.

सभेत सरपंच रागिणीताईंनी ठराव वाचला. कंपनीनं गावाचं नाव केलं, पोरांना काम दिलं, वगैरे. शिवहार खुर्चीवर, बाकी गाव सतरंजीवर. अनुसयाबाई उभी राहिली.

"माझ्या घराची पट्टी कधी माफ केली का तुमी? मेंढरावाल्याला विसाला एक, मंग गोदामवाल्याला काहून सूट? त्याचा कर आला तर हाळाला मोटार बसंल. माझी मेंढरं मरून राहिली अन् ह्यो साड्या वाटून राहिला."

शिवहार हसला. "बराबर हाय अक्का. नेम तो नेम. तुझी मेंढरं किती गं?"

"साठ."

"अन् बाळापूरला पारूबाईकडं किती?"

दरवर्षी मोजणीच्या आधी निम्मा कळप आखाडा बाळापूरला, तिच्या धाकट्या बहिणीकडं पाहुणा जायचा. ही बापाच्या काळची युक्ती, आणि तेव्हा मेंढरं हाकत नेणारा गडी होता शिवहार.

अनुसयाबाईचं तोंड उतरलं. नाही म्हणावं तर हा पारूबाईला फोन लावणार. खाली बसावं तर कर माफ, हाळ कोरडा आणि याचं हसू जन्मभर. ते हसू तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"बाळापूरला साठ हायेत," ती म्हणाली. "समदी मिळून एकशेवीस. चाँदभाई, माझी सहा कोकरं धरा. अन् आता मोठं मडकं आणा. ह्याची गोदामं मोजायचीत."

ठरावाच्या विरोधात आधी मसाजीचा हात वर गेला, मग सतरंजीवरचे सगळे. ठराव पडला.

महिन्याभरात कर भरला गेला, मोटार बसली. यात्रेला अनुसयाबाई सहा कोकरं घेऊन आली. सहा कोकरं गावात कुणी दिली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन ती नारळाला पुढं झाली, तर चाँद पाशा अवघडून म्हणाला, "अक्का, राग मानू नका. तुम्हीच नेम गोदामांना लावला. यंदा मोठा वाटा शिवहारचा हाय."

नारळ शिवहारनं फोडला. अनुसयाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. स्वतःच्या तोंडानं सतरा वर्षांचा मान घालवला होता तिनं. हाळावर तिची मेंढरं पोटभर पाणी पिऊन राहिली होती, पण ते बघायला तिची मान वळेना.

शिवहार खोबऱ्याचा तुकडा घेऊन तिच्यासमोर आला. "घे अक्का. झालं ना मनासारखं?"

"कराची पावती दाव."

त्यानं खिशातून काढून दिली. तिनं ती नातीकडं, दिपालीकडं दिली. दिपालीनं मोठ्यानं वाचलं, "कारखाना एक. गोदामं तीन."

अनुसयाबाईनं खोबरं घेतलं, सावकाश चावलं आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "चवथं कोणत्या बहिणीकडं ठिवलंस रे?"